पुष्पांजलीबाईंचं लायसन्स

पुष्पांजली कापगते आमच्या कॉलेजात भूगोल विभागाच्या प्रयोगशाळा परिचर आहेत. सकाळी कुलूप उघडायचं, टेबलं पुसायची, नकाशे भिंतीवर लावायचे, तास संपला की गुंडाळून ठेवायचे, होकायंत्रं आणि मोजणीच्या साखळ्या मोजून परत घ्यायच्या, हे त्यांचं काम. एकोणीस वर्षांत विभागप्रमुख तीन बदलले, प्राचार्य चार बदलले. खोलीची चावी त्यांच्याकडेच राहिली. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवते. स्टाफरूमपेक्षा त्यांच्या खोलीत चहा बरा मिळतो म्हणून माझी रिकामी तासिका तिथं जाते. त्यामुळं पुढची हकीकत बरीचशी माझ्या डोळ्यांदेखत घडली.

कॉलेज सडक अर्जुनीच्या पुढं, हायवेपासून थोडं आत आहे. दिवसभर ट्रकांचा आवाज येतो, आता तो कोणाला ऐकूही येत नाही. बाईंचा नवरा मोहित हायवेलाच टायर पंक्चरचं दुकान चालवतो. लग्नानंतर बाई नोकरीला लागल्या तेव्हा बारावी होत्या. नंतर भूगोल घेऊन बी.ए. केलं, तेही याच कॉलेजातून. तासाला लागणारी उपकरणं टेबलावर मांडायची आणि मग स्वतःच शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं, अशी तीन वर्षं त्यांनी काढली. वर्गातल्या मुलांपेक्षा त्या तेरा वर्षांनी मोठ्या होत्या. पास झाल्या तेव्हा विभागात पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलं पुसायला लागल्या. पदात काही फरक पडला नाही. त्यांनी कधी तशी तक्रारही केली नाही.

ऑगस्ट महिन्यात विद्यापीठाचं एक परिपत्रक आलं. नव्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाच्या भूगोलाला संगणकावर नकाशे करायचं प्रात्यक्षिक होतं. त्यासाठी विद्यापीठानं एक महागडं सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलं होतं आणि सगळ्या संलग्न कॉलेजांना ते वापरायची मुभा दिली होती. प्रत्येक कॉलेजनं ते आपापल्या प्रयोगशाळेत बसवून घ्यायचं. फेब्रुवारीत विद्यापीठाची समिती येऊन पाहील. ज्या प्रयोगशाळेत ते चालणार नाही, तिथल्या विद्यार्थ्यांची परीक्षा गोंदियाच्या केंद्रावर होईल.

आमच्याकडं तिसऱ्या वर्षाला अठरा विद्यार्थी होते, त्यात चौदा मुली. कोणी नवेगाव बांधकडची, कोणी आतल्या खेड्यांतली. गोंदियाला जायचं म्हणजे काहींना दोन बस बदलाव्या लागणार, आणि परीक्षा तीन दिवस चालणार. आचल नावाची एक हुशार मुलगी आहे, तिच्या घरी बिड्या वळायचं काम चालतं. ती सरळच म्हणाली, "मॅडम, मले तीन दिवस घरचे पाठवत नाईत. माया पेपर गेला समजा."

विभागप्रमुख प्रफुल रहांगडाले भले माणूस आहेत. शिकवतात छान, पण संगणकाचं नाव काढलं की त्यांचा आवाज बारीक होतो. त्यांनी गोंदियाहून टिंकूला बोलावलं. कॉलेजचे संगणक दुरुस्त करायला नेहमी तोच येतो. टिंकूनं दोन तास खटपट केली आणि हात झटकले.

"सर, ये यहां नहीं चलनेवाला. बार-बार एरर मार रहा है. मेरी मानो तो क्रॅकवाला डाल देता हूं. आधे घंटे का काम है. कमिटीवाले को क्या समझता है?"

रहांगडाले सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं. पुष्पांजलीबाई कोपऱ्यात नकाशा गुंडाळत होत्या. त्यांनी तो तसाच टेबलावर ठेवला.

"नाई जी सर. थे नाई लावाचं."

"काऊन?" सरांनी विचारलं.

"दोन वर्साआधी असंच चोरीचं एक लावलं होतं ना? मंग काय झालं? साऱ्या फायली लॉक. अकरा गावांचा सर्वे गेला. पोरींसंग मी फिरली होती त्या अकरा गावांत, उन्हातान्हात. घरोघर जाऊन लिवलेलं गेलं." त्यांनी टेबलावरच्या परिपत्रकाकडं बोट दाखवलं. "आन् विद्यापीठानं आपल्यासाठीच इकत घेतलं आहे ना? तं थे आपल्या हक्काचं आहे. हक्काचं सोडून चोरीचं काऊन लावाचं?"

टिंकू हसला. वाईट हेतूनं नाही, पण हसला. "ताई, हक का है तो आप ही डाल लो."

"घालतो ना," बाई म्हणाल्या.

आम्हाला वाटलं, रागाच्या भरात म्हणाल्या असतील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परिपत्रकाबरोबर आलेली बावीस पानांची सूचनापुस्तिका छापून मागितली. ती सगळी इंग्रजीत होती. बाईंनी एक जाड रजिस्टर काढलं. मोबाइल पानावर धरायचा, त्यात भाषांतर वाचायचं, न पटलेलं वाक्य मला विचारायचं आणि मग आपल्या शब्दांत रजिस्टरमध्ये उतरवायचं. मलाही निम्मं कळत नव्हतं. पण त्यांची एक सवय मी तेव्हा पाहिली. जे कळलं नाही त्यापुढं त्या अर्धं पान कोरं सोडायच्या. "उद्या कळन," म्हणायच्या. महिनाभरात बरीचशी कोरी पानं भरली.

पहिली अडचण पुस्तिकेच्या तिसऱ्याच पानावर होती. प्रत्येक कॉलेजचा एक "तांत्रिक नोडल अधिकारी" हवा. कॉलेजचं खातं त्याच्याच नावावर राहणार, विद्यापीठाचं मदतकेंद्र फक्त त्याच्याशीच बोलणार. आमच्याकडं हे पद कोणालाच नको होतं. नव्या जबाबदारीचं नाव निघालं की स्टाफरूम रिकामी होते, हे काही आमच्याच कॉलेजचं वैशिष्ट्य नसावं. बाई फॉर्म घेऊन प्राचार्यांकडं गेल्या. प्राचार्यांनी फॉर्म दोनदा वाचला.

"पुष्पांजलीबाई, इथं अधिकारी लिहिलंय. तुम्ही परिचर आहात."

"अधिकारी लिवून आहे तं लिवून राहू द्या सर. मी पगार नाई वाढवून मागून राहिली. नाव लावाले कोनी तयार आहे का दुसरं?"

प्राचार्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. मला नंतर म्हणाले, "नाही म्हणायला माझ्याकडं कारणच नव्हतं."

आता नाव बदलायला विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या कॉलेजच्या जुन्या खात्यात शिरायचं तर ओटीपी लागणार होता. आणि तो ओटीपी जायचा आधीच्या प्राचार्यांच्या मोबाइलवर. परसराम डोंगरवार सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन नवेगाव बांधजवळच्या आपल्या गावी शेती पाहायला गेले होते. फोन लावला की कधी बंद, कधी "संपर्क क्षेत्राच्या बाहेर". बाईंनी आठ दिवस फोन केला. मग एका रविवारी माझ्या स्कूटीवर मागं बसल्या. "चला मॅडम. फोन येत नाई तं आपनच जाऊ."

मधले महिने परीक्षा आणि दिवाळीच्या सुट्टीत गेले होते, आता डिसेंबर होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खोडं उभी, मधूनमधून मळणीचा धुरळा. डोंगरवार सर खळ्यावर सापडले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आम्हाला पाहून आधी घाबरलेच. पेन्शनच्या कागदात काही निघालं की काय असं त्यांना वाटलं. बाईंनी सगळं सांगितलं. सरांनी घरातून फोन आणला. रेंज शून्य.

"इथं नाई भेटत," सर म्हणाले. "तलावाच्या पाळीवर चढा लागते."

मग आम्ही तिघं गावतलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेलो. सर पुढं, त्यांचा फोन हात उंच करून, मागं बाई आपल्या मोबाइलवर खात्याचं पान उघडून, शेवटी मी. पहिला ओटीपी आला तेव्हा सर अजून चढत होते. तो वाचेपर्यंत मुदत संपली. दुसरा आला तेव्हा सरांचा चष्मा घरी राहिल्याचं लक्षात आलं. त्यांनी अंदाजानं आकडा सांगितला, तो चुकला. पडद्यावर लिहून आलं: आणखी एक चूक झाली तर खातं चोवीस तासांसाठी बंद होईल.

बाई म्हणाल्या, "सर, फोन मॅडमच्या हाती द्या. तुमी खाली बसा आता."

सर एखाद्या विद्यार्थ्यासारखे गवतात बसले. तिसरा ओटीपी मी वाचला, एकेक आकडा सुटा सुटा करून. बाईंनी तो टाकला, मग वर एकदा पाहिला, खाली एकदा पाहिला आणि बटण दाबलं. खातं उघडलं. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या जुना नंबर काढून आपला घातला. सरांनी टाळ्या वाजवल्या. घरी नेऊन आम्हाला तळलेले मासे आणि भात खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

"मी प्राचार्य होतो तं हे काम मायाकडूनही झालं नसतं," निघताना सर बाईंना म्हणाले. "तुमच्या आईबापाले सांगा म्हना, डोंगरवार सर असं म्हणत होते."

सॉफ्टवेअर उतरवून घेणं त्यामानानं सोपं गेलं. फाइल मोठी होती. कार्यालय सुरू झालं की कॉलेजचं इंटरनेट गोगलगाय होतं, म्हणून बाई चार दिवस सकाळी सातला येऊन बसल्या. तीनदा मधेच वीज गेली. चौथ्या सकाळी फाइल पूर्ण उतरली. त्यांनी ती एकेका संगणकावर घातली. दहा संगणक, दीड दिवस. सगळीकडं सॉफ्टवेअरचं चित्र दिसायला लागलं आणि आम्ही समजलो की झालं काम.

झालं नव्हतं. सॉफ्टवेअर बसलं होतं, पण परवान्याशिवाय ते उघडत नाही. परवाना विद्यापीठाच्या आवारातल्या एका सर्व्हरवर असतो, आणि तो सर्व्हर विद्यापीठाच्या नेटवर्कबाहेरच्या कोणालाच ओळखत नाही. बाहेरच्या कॉलेजनं आधी इंटरनेटवरून विद्यापीठाच्या नेटवर्कपर्यंत एक बंदिस्त वाट उघडायची, त्याला व्हीपीएन म्हणतात. मग आपला संगणक विद्यापीठाच्या आवारातच बसल्यासारखा होतो आणि सर्व्हर त्याला परवाना देतो. हे मला बाईंनी समजावलं, चहा गाळता गाळता. पुस्तिकेत याला चार पानं लागली होती.

चार नंबरच्या संगणकावर व्हीपीएन जोडलं गेलं, सॉफ्टवेअर उघडलं. उरलेल्या नऊ संगणकांवर एकच ओळ: सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही.

इथून पुढचे अकरा दिवस वाईट गेले. विद्यापीठाच्या मदतकेंद्रात नीतू नावाची एक तरुण इंजिनिअर होती. ती फोनवर शांतपणे बोलायची, पण तिच्याकडं दीडशे कॉलेजं होती. "मॅडम, तुमच्या इंटरनेट कंपनीनं पोर्ट बंद केलं असणार, त्यांना विचारा." कंपनी म्हणाली, आमच्याकडून काहीच बंद नाही. बाईंनी चार नंबरवरची प्रत्येक खूण बाकीच्या नऊंवर जशीच्या तशी उतरवली. पासवर्ड पुन्हा टाकले. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. तारा अदलाबदल केल्या. काही फरक पडला नाही. जानेवारी संपत आला होता. रहांगडाले सरांनी गोंदियाच्या केंद्राला विचारणा करणारं पत्र लिहूनही ठेवलं.

"पाठवू का?" त्यांनी बाईंना विचारलं. त्यांनी विचारलं याचं मला तेव्हा नवल वाटलं. सहा महिन्यांपूर्वी विचारलं नसतं.

"थांबा सर. सोमवारपर्यंत थांबा."

मी त्यांना पहिल्यांदा थकलेलं पाहिलं ते त्या शनिवारी. टेबलाशी बसून डोळे चोळत होत्या. म्हणाल्या, "एकावर चालते आन् नऊवर नाई. सारं सारखं आहे. मंग याइचं दुखनं काय आहे?"

प्रत्येक प्रयत्न त्या रजिस्टरमध्ये टिपत होत्या: संगणक क्रमांक, तारीख, वेळ, काय केलं, काय झालं. सात नंबरवर पुन्हा तीच ओळ आली. त्यांनी रजिस्टर ओढलं. त्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, म्हणून वेळ लिहायला त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथं लिहिलं होतं, बारा वाजून चाळीस मिनिटं, १ जानेवारी २००९.

बाईंनी पेन रजिस्टरवर ठेवलं. उठून आठ नंबरकडं गेल्या. २००९. नऊ नंबर. २००९. एकामागून एक सगळे पाहिले. नऊच्या नऊ संगणक २००९ सालात होते. चार नंबर तेवढा आजच्या तारखेवर. तो गेल्या जूनमध्ये बिघडला होता आणि टिंकूनं तेव्हा त्यातला बटणासारखा सेल बदलला होता. बाकीच्यांचे सेल कधीच संपलेले. वीज गेली की ते संगणक आपली तारीख विसरायचे.

सात नंबरवर त्यांनी आजची तारीख घातली, आजची वेळ घातली. व्हीपीएनचं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली. सॉफ्टवेअर उघडलं.

मी ओरडलेच. बाई मात्र आधी फोनकडं वळल्या.

"नीतू मॅडम, पुष्पांजली कापगते बोलून राहिली. आमचे संगणक दोन हजार नऊ सालात बसून आहेत जी. तुमचं लायसन्स जन्मलं चोवीस साली. थे त्याइले वळखन कसं?"

 पलीकडं नीतू इतकी हसली की मला लांबून ऐकू आलं. हसणं आवरल्यावर म्हणाली, "बाई, मला आणखी पंधरा कॉलेजांतून हीच तक्रार आलीय. हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. तुमचं नाव सांगून सगळ्यांना कळवू का?"

"नाव कायले? तारीख पाहा म्हना, बस."

दुपारी त्या मोहितच्या दुकानातून बारीक पेचकसांचा डबा घेऊन आल्या. घड्याळाच्या दुकानातून नऊ सेल आणले. संगणकाची पेटी उघडायची, आतली धूळ कुंच्यानं झटकायची, जुना सेल नखानं उचकून काढायचा, नवा बसवायचा. पहिल्या पेटीला पाऊण तास लागला, नवव्या पेटीला सात मिनिटं. संध्याकाळी पाचच्या आधी दहाही संगणक एकाच तारखेवर होते. सोमवारी रहांगडाले सरांनी ते पत्र आमच्यासमोर फाडलं.

आता एकच पेच उरला होता. आमच्या कॉलेजच्या वाट्याला एका वेळी पाचच परवाने होते. दहा संगणक, अठरा विद्यार्थी आणि पाच जागा. शिवाय कोणी सॉफ्टवेअर नीट बंद न करता उठून गेलं, तर ती जागा दोन तास अडकून राहायची. पहिल्याच दिवशी मुलांची भांडणं झाली. रहांगडाले सर हतबल झाले. बाई नाही झाल्या. त्यांचे वडील भैयाजी गावाचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, कधी सोडायचं, किती वेळ सोडायचं, हे ते पाहायचे. बाईंच्या माहेरी हे काम पिढ्यांचं. पाळी लावणं त्यांना शिकवायची गरजच नव्हती. त्यांनी पाच-पाचांचे गट केले, प्रत्येकाला चाळीस मिनिटं, आणि उठताना सॉफ्टवेअर बंद करून, जागा सुटल्याचं परवान्यांच्या यादीत पाहूनच खुर्ची सोडायची. पाळी मोडणाऱ्याला त्या दिवशी सगळ्यात शेवटी. दोन दिवसांत सगळं सुरळीत झालं. मुलांनी आपल्या तालुक्यातल्या तलावांचे आणि बोड्यांचे, म्हणजे छोट्या तळ्यांचे, नकाशे करायला घेतले. कुठला तलाव किती मोठा होता, किती बुजला, कुठं अतिक्रमण झालं, रंगांत दिसायला लागलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात समिती आली. तिघं जण होते. प्रमुख होत्या डॉ. रेणू चौहान, उंच, कमी बोलणाऱ्या. प्राचार्यांनी केबिनमध्ये त्यांना नाश्ता दिला, कॉलेजची माहिती सांगितली. मग सगळे प्रयोगशाळेत आले. मुलं नीट बसलेली. बाई नेहमीच्याच निळ्या साडीत, दाराशी उभ्या.

"पाच जणांनी एकदम उघडून दाखवा," डॉ. चौहान म्हणाल्या.

चार पडद्यांवर नकाशे उघडले. पाचवी आचल होती. तिच्या पडद्यावर ओळ आली: सर्व जागा वापरात आहेत.

 रहांगडाले सरांच्या कपाळावर घाम आला. डॉ. चौहान यांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहायला पेन टेकवलं. आचल मागं वळून बाईंकडं बघत होती, रडायच्या बेतात.

बाई पुढं आल्या. "जरा सरक बेटा," म्हणाल्या आणि तिच्या खुर्चीच्या कडेवर टेकून परवान्यांची यादी उघडली. कोणत्या संगणकानं कोणती जागा धरली आहे ते त्या यादीत दिसतं. चार नावं प्रयोगशाळेतल्या संगणकांची. पाचवं वाचून बाईंनी मान वर केली आणि सगळ्यांसमोर प्राचार्यांना म्हणाल्या,

"सर, पाचवं तुमच्या टेबलावर अडकून आहे."

प्राचार्य गोरेमोरे झाले. समिती येण्याआधी एकदा आपणही पाहून घ्यावं म्हणून त्यांनी केबिनमधल्या संगणकावर ते सकाळी बाईंकडूनच घालून घेतलं होतं, उघडून पाहिलं होतं, आणि पाहुणे आले म्हणून तसंच सोडून उठले होते.

"मी... मी बंद करून येतो," म्हणत ते खरंच निघाले. चाळीस पावलं. सगळ्या खोलीनं त्यांच्या चपलांचा आवाज मोजला. यादीतलं पाचवं नाव गेलं. आचलनं बटण दाबलं आणि नवेगावच्या तलावाचा निळा आकार पडद्यावर पसरला.

सगळ्यात आधी डॉ. चौहान हसल्या. मग खोलीच हसली. परत आलेले प्राचार्यही हसले, हे मला त्यांच्याबद्दल नोंदवलं पाहिजे.

"तुमचे नोडल अधिकारी कोण?" डॉ. चौहान यांनी विचारलं.

रहांगडाले सर एक पाऊल बाजूला झाले. "या. पुष्पांजली कापगते. आमच्या परिचर आहेत. हे सगळं त्यांनी केलंय, मॅडम. आमचा यात काही हात नाही."

"संगणकाच्या तारखेचं ज्यांनी शोधलं, त्या तुम्हीच का?" डॉ. चौहान म्हणाल्या. "आमच्या मदतकेंद्रात तुमचं नाव फळ्यावर लिहून ठेवलंय." त्यांनी रजिस्टर पाहायला मागितलं. उभ्या उभ्या पाऊण तास पानं उलटत राहिल्या, मधूनच एखादी खूण विचारत राहिल्या. जाताना त्या पानांचे फोटो काढून घेऊन गेल्या.

आठ दिवसांनी पत्र आलं. आमचं कॉलेज प्रात्यक्षिक परीक्षेचं केंद्र म्हणून मंजूर झालं होतं; शिवाय शेजारच्या दोन कॉलेजांचे विद्यार्थीही आमच्याकडंच येणार होते. मार्चमध्ये परीक्षा झाली. तीन दिवसांत एकही जागा अडकली नाही. आचल कॉलेजात पहिली आली. निकालाच्या दिवशी तिची आई विभागात आली. तिनं बाईंना कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला आणि त्यांचे दोन्ही हात धरून उभी राहिली.

पुढं विद्यापीठ नोडल अधिकाऱ्यांची यादी आपल्या संकेतस्थळावर टाकणार होतं. तिथल्या कारकुनाचा फोन आला तेव्हा मी खोलीतच होते. त्यानं विचारलं, मॅडम, तुमच्या नावाआधी काय लिहू, डॉक्टर की प्राध्यापक?

"काईच नोका लिवू," बाई म्हणाल्या. "नाव पूर्न लिवा फक्त. पुष्पांजली मोहित कापगते."

जूनमध्ये त्यांना गोंदियाला बोलावणं आलं, विद्यापीठाच्या पत्रावर, प्रवासभत्त्यासह. ज्या कॉलेजातल्या केंद्रावर आमच्या मुलींना जावं लागणार होतं, तिथंच जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या लोकांना हे सॉफ्टवेअर बसवायचं प्रशिक्षण होतं आणि शिकवणार होत्या पुष्पांजलीबाई. मीही गेले. समोर सव्वीस जण बसलेले. बहुतेक प्राध्यापक, दोघे पीएच.डी.वाले आणि मागच्या ओळीत वही घेऊन टिंकू. बाईंना पाहून तो उठून उभा राहिला. "नमस्ते मॅडम," म्हणाला. त्यांनी हातानंच त्याला बसायला सांगितलं.

पहिली दहा मिनिटं त्यांचा आवाज अडखळला. मग एका प्राध्यापकांनी विचारलं, व्हीपीएन म्हणजे नेमकं काय. बाईंनी खडू उचलला, फळ्यावर विद्यापीठाची भिंत काढली, भिंतीबाहेर आपलं कॉलेज काढलं आणि बोलायला लागल्या. त्यानंतर त्या अडखळल्या नाहीत. झाडीबोलीत बोलल्या, घरी बोलतात तशाच. दुपारी चारपर्यंत तिथल्या वीसच्या वीस संगणकांवर सॉफ्टवेअर चालू होतं.

सगळे निघून गेल्यावर त्या कॉलेजच्या परिचर रुख्माबाई खोली बंद करायला आल्या. चाळिशीच्या, हातात कुंचा. दिवसभर त्या दारातून डोकावत होत्या, ते मी पाहिलं होतं. त्यांनी फळ्याकडं पाहिलं, पुसायला हात उचलला आणि थांबल्या.

"ताई, तुमी बी परिचरच ना?"

"हो बाप्पा."

"मंग मले जमन का हे?"

आमची शेवटची बस साडेसहाला होती. बाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. त्यांनी बंद केलेला पहिला संगणक पुन्हा सुरू केला, शेजारची खुर्ची ओढली आणि रुख्माबाईंच्या हातातला कुंचा घेऊन दाराशी टेकवून ठेवला.

"बसा," त्या म्हणाल्या. "अजून दीड तास आहे आपल्यापाशी."